कॉलेजचे पहिले वर्ष... पालकांचेही!

निकाल, प्रवेशफेऱ्या, दाखल्यांच्या सत्यप्रती, शुल्काची जुळवाजुळव आणि शेवटी हॉस्टेलची खोली. जून-जुलै महिन्यांतील ही धावपळ एकदाची संपते आणि घरात अचानक शांतता पसरते. त्याआधीची दोन वर्षे घराचे सारे वेळापत्रक ‘बारावीचे वर्ष’ या एका गोष्टीभोवती फिरलेले असते. टीव्ही बंद, पाहुणे बंद, गावची जत्रा आणि नात्यातील लग्नेही बंद. क्लासला सोडायला बाबा, आणायला आई आणि रात्री जागणाऱ्या मुलाला चहा करून द्यायला आजी. कॉलेज सुरू होताच ही सारी कामे एकाच दिवशी संपतात. मुलांना नवे शहर, नवे मित्र आणि नवी दिनचर्या मिळते. पालकांच्या हाती मात्र नवे असे काही येत नाही.

कॉलेजात गेलेल्या मुलांनी कसे वागावे, यावर घरोघरी पुष्कळ बोलले जाते. या काळात पालकांनी कसे वागावे, याची चर्चा तुलनेने कमी होते. वास्तविक या वर्षात दोघांनाही नवी भूमिका शिकायची असते. मुलाच्या आयुष्याचे व्यवस्थापन करणाऱ्या पालकाला हळूहळू त्याचा विश्वासू सल्लागार व्हायचे असते. हा बदल ज्या घरात जमत नाही, तेथे मुले अडचणी लपवू लागतात आणि खरा धोका तेथूनच सुरू होतो.

निरोपाची बदललेली रीत

शिक्षणासाठी घर सोडणे महाराष्ट्राला नवे नाही. वार लावून जेवणाऱ्या आणि माधुकरी मागून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या कथा अनेक घराण्यांत सांगितल्या जातात. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात विविध समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांना आश्रय दिला आणि त्या शहराला ‘विद्यार्थी वसतिगृहांची जननी’ अशी ओळख मिळाली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह सुरू केले. पुण्यात १९५५ मध्ये स्थापन झालेल्या विद्यार्थी सहाय्यक समितीने ग्रामीण भागातून आलेल्या हजारो मुलामुलींना आधार दिला. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ (१९६३) या कादंबरीचा नायक पांडुरंग सांगवीकर हा खानदेशातील गावातून पुण्याच्या कॉलेजात आलेला मुलगा आहे. वडिलांशी असलेला त्याचा तणाव पिढ्यान्पिढ्या वाचकांना आपल्या घरातला वाटत आला.

फरक पडला आहे तो दोन बाबतींत. पूर्वी मुलगी घराबाहेर पडे ती प्रामुख्याने लग्नानंतर. तिच्या पाठवणीसाठी विधी होते, गाणी होती आणि रडण्याला मुभाही होती. आज अनेक घरांतील मुलगी अठराव्या वर्षीच बॅग भरून पुणे, मुंबई, नागपूर किंवा बंगळुरू गाठते. या निरोपासाठी हातावर दही ठेवणे आणि देवापुढे साखर ठेवणे याखेरीज कोणतीही रीत नाही. ‘शिकायलाच तर चालली आहे, रडायचे काय त्यात?’ असे म्हणून मोठी माणसे डोळे पुसतात आणि विषय संपतो.

दुसरा फरक संपर्काचा. एकेकाळी पोस्टकार्ड, महिन्याची मनिऑर्डर आणि रविवारी एसटीडी बूथवरून होणारा पाच मिनिटांचा फोन एवढाच दुवा असे. त्यामुळे अंतर आपोआप राखले जाई आणि मुलांना अनेक निर्णय स्वतः घ्यावे लागत. आता मोबाइलमुळे मूल सतत ‘पोहोचीत’ असते. ते कुठे आहे हे नकाशावर दिसते आणि रात्री किती वाजता ऑनलाइन होते हेही कळते. आता हे अंतर पालकांनी समजून-उमजून राखावे लागते. तेच बहुतेकांना जड जाते.

अठराव्या वर्षाची रेषा

भारतीय सज्ञानता कायदा, १८७५ नुसार अठरा वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती सज्ञान ठरते. बारावी झालेली अनेक मुले प्रवेशाच्या वेळी सतरा वर्षांची असतात आणि पहिल्याच वर्षात केव्हातरी ही रेषा ओलांडतात. त्याचे व्यावहारिक परिणाम पालकांनी आधीच समजून घेतलेले बरे.

सज्ञान मुलाचे बँक खाते तो स्वतः चालवतो. वैद्यकीय उपचारांना संमती तो स्वतः देतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार मानसिक उपचार घेणाऱ्या व्यक्तीची माहिती गोपनीय राखणे डॉक्टर व समुपदेशकांवर बंधनकारक आहे. जिवाला धोका असण्यासारख्या मोजक्या परिस्थितींतच या नियमाला अपवाद आहेत. त्यामुळे ‘आमच्या मुलीने समुपदेशकांना काय सांगितले?’ असा प्रश्न घेऊन येणाऱ्या पालकांना उत्तर मिळेलच असे नाही. त्याचा राग मानू नये. गोपनीयतेची खात्री असते म्हणूनच मुले मदत घ्यायला जातात.

याउलट, अकरावी-बारावीच्या मुलांना गाडी देताना पालकांवरील जबाबदारी वाढली आहे. सोळा वर्षे पूर्ण झालेल्यांना केवळ ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीसाठी परवाना मिळू शकतो. रस्त्यावर सर्रास दिसणाऱ्या स्कूटर त्याहून अधिक क्षमतेच्या असतात. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या मोटार वाहन कायद्यातील सुधारणांनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. त्या वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. ‘क्लास लांब आहे’ ही सबब येथे चालत नाही.

कायदा अठराव्या वर्षी रेषा आखतो, पण माणूस एका रात्रीत मोठा होत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेट यांनी २००० मध्ये अठरा ते पंचवीस हा वयोगट किशोरावस्था आणि प्रौढत्व यांच्यामधला स्वतंत्र टप्पा असल्याची मांडणी केली. नियोजन आणि आवेगांवरील नियंत्रण यांच्याशी संबंधित मेंदूच्या भागाची वाढ पंचविशीच्या सुमारापर्यंत सुरू राहते, हेही संशोधनातून पुढे आले आहे. म्हणूनच या वयातील मुलांना मोकळीक हवी असते आणि आधारही.

पहिले सहा महिने

घरापासून दूर गेलेल्या मुलांचे पहिले सत्र साधारणपणे ठराविक टप्प्यांतून जाते. पहिल्या पंधरवड्यात नवलाई असते. त्यानंतर मेसच्या पोळ्या, सामायिक न्हाणीघर, खोलीतील जोडीदाराच्या सवयी आणि इंग्रजीतून भराभर पुढे सरकणारी व्याख्याने यांचा ताण जाणवू लागतो. ‘मला इथे राहायचे नाही’ असा फोन बहुधा याच काळात येतो.

तो फोन आला की लगेच गाडी काढून मुलाला परत आणणे किंवा ‘लाखभर रुपये भरलेत, आता गप्प राहा’ असे सुनावणे, ही दोन्ही टोके टाळावीत. घरची आठवण येणे हा आजार नाही आणि नाटकही नाही. ऐकून घ्यावे, नेमका त्रास कशाचा आहे ते विचारावे आणि ‘गणपतीला घरी ये, तेव्हा निवांत बोलू’ असे सांगावे. जवळ एखादी निश्चित तारीख दिसली की बहुतेक मुले तोवर तग धरतात आणि त्या काळात रुळूही लागतात.

गणपतीच्या सुट्टीत घरी आलेले मूल थोडे बदललेले असते. केसांची ठेवण, बोलण्यातील शब्द, उशिरा उठण्याची सवय, कदाचित खाण्याच्या आवडीही. आईने दोन दिवस खपून केलेल्या पदार्थांपेक्षा त्याला शाळेतल्या मित्रांना भेटण्याची ओढ अधिक असते. आपल्याला टाळले जात आहे, असे यावरून समजू नये. घर ही हक्काची जागा आहे, तिथे फार काही सिद्ध करावे लागत नाही, या विश्वासातूनच मुले असे वागतात. त्याची खोली लगेच भाड्याने देणे किंवा तेथे अडगळ भरणे मात्र पहिल्या वर्षी तरी टाळावे.

दिवाळीच्या आगेमागे सत्र परीक्षा येतात. शाळेत नव्वद टक्के मिळवणाऱ्या मुलाला आयुष्यात प्रथमच पन्नास-पंचावन्न गुण दिसतात. येथून पुढची कसोटी मुलाइतकीच पालकांचीही असते.

विचारपूस की उलटतपासणी?

‘जेवलास का? लेक्चरला बसलास का? किती वाजता झोपलास? कोणाबरोबर होतास?’ रोजच्या फोनचा हा ठरलेला साचा असेल, तर मुलेही ठरलेली उत्तरे देऊ लागतात. ‘हो’, ‘बरंय’, ‘ठेवतो आता’. संवाद रोज होतो, पण त्यातून काहीच कळत नाही. फोन नेमका कशासाठी आहे, हे पालकांनी आधी स्वतःशी ठरवावे.

दिवसातून चार वेळा फोन करण्यापेक्षा दोघांच्या सोयीची वेळ ठरवून आठवड्यातून दोन-तीनदा निवांत बोलणे अधिक उपयोगी ठरते. अधूनमधून साधा निरोप पाठवण्यास हरकत नाही. बोलताना आधी घरातले सांगावे. शेजारच्या काकूंचे ऑपरेशन, बाबांची बदली, गॅलरीतल्या मोगऱ्याला आलेला बहर. आपल्याला काही सांगितले जात आहे असे वाटले की मुलेही सांगू लागतात. एखादी अडचण सांगितली, तर लगेच उपाय सुचवण्याआधी ‘मग तू काय करायचे ठरवले आहेस?’ असे विचारावे.

प्राध्यापकांना परस्पर फोन करणे, खोलीतील जोडीदाराकडून बातम्या काढणे, समाजमाध्यमांवर वेगळ्या नावाने मुलाच्या मागावर राहणे, हे प्रकार कधी ना कधी उघडकीस येतात. त्यानंतर विश्वास पुन्हा बसायला फार वेळ लागतो. आणीबाणीच्या प्रसंगासाठी वसतिगृहाचे अधीक्षक आणि एक-दोन मित्रांचे क्रमांक मात्र मुलाच्या संमतीने घेऊन ठेवावेत.

पैशांचा हिशेब

महिन्याचा खर्च एकरकमी द्यावा की लागेल तसा, हा प्रत्येक घरातला वादाचा मुद्दा असतो. मेस, प्रवास, मोबाइल, छपाई-झेरॉक्स आणि किरकोळ खर्च यांचा अंदाज मुलासोबत बसून काढावा, ठराविक तारखेला रक्कम द्यावी आणि मध्येच संपल्यास काय करायचे हेही तेव्हाच ठरवावे. पहिल्या दोन महिन्यांत हिशेब चुकणारच. विसाव्या तारखेला खिसा रिकामा झाल्याचा अनुभव पुढच्या महिन्यात उपयोगी पडतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या ‘यूपीआय सर्कल’ सुविधेत मुलाला आपल्या खात्यातून मर्यादित खर्चाची मुभा देता येते. पूर्ण परवानगी दिल्यास महिन्याला १५ हजार रुपये आणि एका व्यवहारात पाच हजार रुपये अशी कमाल मर्यादा आहे. प्रत्येक व्यवहाराला पालकाची मंजुरी घेण्याचा पर्यायही त्यात आहे. सुरुवातीला ही सोय बरी, परंतु दर चहाच्या कपाचा संदेश आपल्या मोबाइलवर येणार असेल, तर मुलाचे स्वतःचे खाते असणे दोघांच्या मनःशांतीसाठी चांगले. कर्ज देणाऱ्या मोबाइल अॅपपासून दूर राहण्याची सूचना मात्र स्पष्ट शब्दांत द्यावी. ‘पैसे कमी पडले तर आधी घरी सांग, रागावणार नाही’ हे वाक्य म्हणावे आणि पाळावेही.

शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्यात २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. निवास व भोजनाच्या खर्चासाठी तिचा लाभ घेता येतो. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेचे निकषही पात्र पालकांनी प्रवेशाच्या वेळीच पाहून घ्यावेत.

घरूनच ये-जा करणारे

हॉस्टेलवर न जाणाऱ्या मुलांच्या घरी बदल होत नाही, असा समज आहे. प्रत्यक्षात तेथे तो अधिक टोचतो. डोंबिवलीहून मुंबईत लोकलने जाणारी मुलगी सकाळी साडेसहाला निघते आणि कॉलेज महोत्सवाच्या काळात रात्री दहाला परतते. घर तेच, जेवणाचे टेबल तेच. पण शाळेतले नियम आता लागू होत नाहीत.

येथे ‘साताच्या आत घरात’ असा हुकूम काढण्यापेक्षा काही मोजक्या गोष्टींवर एकमत करावे. उशीर होणार असेल तर कळवणे, शेवटच्या लोकलचा भरवसा न धरणे, रात्री एकट्याने न येणे. हे नियम मुलगा आणि मुलगी दोघांनाही सारखेच असावेत. भावाला अकराची आणि बहिणीला सातची मर्यादा असेल, तर मुलीच्या मनात राहते ती नियमांमागची काळजी नव्हे, तर अन्याय. घरात राहतो म्हणजे जेवण आयते, असेही नसावे. आपले कपडे, आपले ताट आणि घरातील एक काम ही सज्ञान व्यक्तीची किमान जबाबदारी होय.

केटी लागली तर...

पहिल्या वर्षी एखाद-दुसऱ्या विषयात नापास होऊन एटीकेटीवर पुढच्या वर्गात जाणे, हे पदवी अभ्यासक्रमांत अजिबात दुर्मीळ नाही. मात्र शाळेत कधीही लाल शेरा न पाहिलेल्या घराला तो आकाश कोसळल्यासारखा वाटतो. पालकांच्या पहिल्या प्रतिक्रियेवर पुढचे बरेच काही अवलंबून असते. केटीची गोष्ट घरी सांगता आली, तर मूल अभ्यासाला लागते. सांगता आली नाही, तर ते दुसरी केटीही लपवते, मग हजेरी कमी होते, परीक्षेला बसता येत नाही आणि हे सारे घरी कळते तेव्हा वर्ष हातचे गेलेले असते.

कधीकधी विषयच चुकलेला असतो. अभियांत्रिकीला घातलेल्या मुलाचा ओढा अर्थशास्त्राकडे असू शकतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ऑक्टोबर २०१८ मधील अधिसूचनेनुसार, प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या किमान १५ दिवस आधी प्रवेश रद्द केल्यास पूर्ण शुल्क परत मिळते. त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत ९० टक्के, तारीख उलटल्यावर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के आणि ३० दिवसांपर्यंत ५० टक्के शुल्क परत मिळते. संस्थेला मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवता येत नाहीत. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या केंद्रीभूत प्रवेशांचे नियम वेगळे असल्याने ते स्वतंत्रपणे पाहावेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नुसार आखलेल्या पदवी अभ्यासक्रमांत, अटी पूर्ण केल्यास पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय आहे. मिळवलेले श्रेयांक २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये जमा राहतात. वाट बदलली म्हणजे झालेले शिक्षण वाया गेले, असे आता समजण्याचे कारण नाही.

कधी धावून जावे?

मोकळीक देणे म्हणजे लक्ष काढून घेणे नव्हे. देशात २०२२ या एका वर्षात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे आहे आणि त्यात महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप वा भूक उडणे, फोन घेणे बंद होणे, मित्रांपासून तुटणे, आवडत्या गोष्टींत रस न उरणे, ‘माझा सगळ्यांना त्रासच आहे’ अशी भाषा, जिवापाड जपलेल्या वस्तू वाटून टाकणे, यांपैकी काही दिसले तर वाट पाहू नये. प्रत्यक्ष जाऊन भेटावे, ‘जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो का?’ असे सरळ विचारावे आणि तज्ज्ञांची मदत घ्यावी. असे विचारल्याने तो विचार मनात रुजतो, हा गैरसमज आहे.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असणे आवश्यक आहे. आपल्या मुलाच्या कॉलेजात तो आहे का, हे प्रवेशाच्या वेळीच विचारावे.

रॅगिंगच्या बाबतीतही ‘थोडे सहन कर, सगळ्यांनाच होते’ हा सल्ला कधीही देऊ नये. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. दोषी ठरल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड आणि पाच वर्षे अन्य कोणत्याही संस्थेत प्रवेश नाही, अशी शिक्षा त्यात आहे. हिमाचल प्रदेशातील वैद्यकीय विद्यार्थी अमन काचरू याचा मार्च २००९ मध्ये रॅगिंगमुळे मृत्यू झाला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभरासाठी कडक नियम केले. विद्यार्थ्याबरोबर पालकांनीही हमीपत्र देण्याची तरतूद त्याच नियमांत आहे. प्रवेशाच्या गर्दीत न वाचताच सही होणारा हा कागद एकदा मुलासोबत बसून वाचावा.

पालकांचे स्वतःचे काय?

मुले घराबाहेर पडल्यावर येणाऱ्या पोकळीला मानसशास्त्रात ‘रित्या घरट्याची’ अवस्था म्हटले जाते. तो काही वैद्यकीय निदान झालेला आजार नव्हे, परंतु त्रास खरा असतो. विशेषतः मुलांसाठी नोकरी सोडलेल्या आईला आणि एकुलते एक मूल असलेल्या घरांना तो अधिक जाणवतो. अनेकदा आईची रजोनिवृत्ती, आजी-आजोबांची आजारपणे आणि वडिलांच्या नोकरीतील अस्थिरता नेमक्या याच वर्षांत येऊन ठेपतात. वडील बोलून दाखवत नाहीत म्हणून त्यांना काही वाटत नाही, असेही नसते.

यावर उपाय मुलाला अधिक फोन करणे हा नाही. अर्धवट राहिलेले गाणे, सकाळचे फिरणे, वाचनालय, सुटलेली नोकरी, जुने मित्र, जोडीदारासोबतचा वेळ, यांपैकी काहीतरी पुन्हा हाती घ्यावे. ‘तुझ्याशिवाय घर खायला उठते’ हे रोज ऐकणारे मूल अपराधी भावनेने अभ्यास करते. आई-बाबा आपापल्या कामांत रमले आहेत, हे दिसले की तेही निश्चिंतपणे आपल्या आयुष्याला लागते. महिनाभराहून अधिक काळ उदासी टिकली, झोप लागेनाशी झाली, तर पालकांनीही डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मुलांसाठी असलेल्या हेल्पलाइन मोठ्यांसाठीही खुल्या आहेत.

चौकट : जवळ ठेवा

- टेलि-मानस (मानसिक आरोग्यासाठी केंद्र सरकारची मोफत सेवा, २४ तास) : १४४१६
- राष्ट्रीय रॅगिंगविरोधी हेल्पलाइन (२४ तास) : १८००-१८०-५५२२
- आपत्कालीन मदत : ११२
- वसतिगृह अधीक्षक, कॉलेजचे समुपदेशक आणि मुलाच्या एका जवळच्या मित्राचा क्रमांक
- मुलाचा रक्तगट, नियमित औषधे आणि ॲलर्जी यांची नोंद. आरोग्य विम्याच्या कार्डाची एक प्रत मुलाकडे, एक घरी
- कौटुंबिक आरोग्य विम्यात मुलाचे नाव किती वर्षांपर्यंत राहते, याची विमा कंपनीकडे खातरजमा